मिक्सिंगची सुई निवडताना आधी तबकडी पाहावी

बेळगाव शहराला लागून, मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी नावाची दोन गावे आहेत. एक बुद्रुक, दुसरे खुर्द. बेळगावकरांच्या बोलण्यात ती ‘कंग्राळी बी. के.’ आणि ‘कंग्राळी के. एच.’ अशीच येतात. गणेश विसर्जनाची किंवा शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघाली की ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला या भागात सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. कोल्हापूर-निपाणीपासून बेळगावपर्यंत हाच शब्द चालतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात आले की त्याच भिंतीचा ‘डीजे’ होतो. ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याची युक्ती शोधणाऱ्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये आपली कंपनी काढली. गोंगाट घटवणाऱ्या माणसाचे नाव सीमाभागात गोंगाटालाच चिकटावे, हा योगायोग गमतीचा आहे.

या भिंतीच्या मागे आज लॅपटॉप किंवा कंट्रोलर असतो. तबकडी नसते आणि सुईही नसते. तरीही टर्नटेबल हे यंत्र इतिहासजमा झालेले नाही. टेक्निक्स कंपनीने २०१० मध्ये बंद केलेले आपले प्रसिद्ध एसएल-१२०० हे टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणले. दोन टर्नटेबल आणि मधोमध मिक्सर मांडून तबकड्यांवरून गाणी जोडण्याची कला शिकू पाहणारे तरुण आता मोठ्या शहरांपुरते मर्यादित नाहीत. लाकडी मंचावर, सभागृहात किंवा घरच्या खोलीत हा प्रयोग कंग्राळीतही होऊ शकतो. त्यासाठी लागणारा कच्चा माल तर अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहे. ‘शिवकल्याण राजा’ची १९७४ची एलपी, गीतरामायणाच्या तबकड्या, सुलोचना चव्हाण यांच्या लावण्यांच्या लहान तबकड्या, आणि आजोबांच्या काळातील नाट्यपदांच्या जड, काळ्या, पडल्या तर फुटणाऱ्या ७८ वेगाच्या तबकड्या.

या भागाचे तबकडीशी नाते जुने आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या शिवपुत्र कोमकली या मुलाने मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवल्या आणि बालवयातच त्याला ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. त्या मुलाच्या पहिल्या शिदोरीत ग्रामोफोनचा वाटा मोठा होता.

मिक्सिंगसाठी कोणते कार्ट्रिज घ्यावे, या प्रश्नाला दुकानदार बहुधा एखाद्या नाममुद्रेने उत्तर देतो. ते उत्तर अर्धवट आहे. नव्याने छापलेली, फुटली तर दुसरी मिळेल अशी तबकडी वाजवायची आहे, की पुन्हा कधीही न मिळणारी, यावर सुईची निवड अवलंबून असते. ऐंशीच्या दशकात कॅसेटने तबकडीला बाजूला सारले. त्यानंतर मराठीतील कित्येक ध्वनिमुद्रणांची तबकडी पुन्हा निघाली नाही. तिची खाच झिजली म्हणजे त्या घरापुरते ते गाणे त्या रूपात संपले.

खाचेतले काम

टोनआर्मच्या टोकाशी बसवलेला लहानसा डबीसारखा भाग म्हणजे कार्ट्रिज. त्यातून खाली डोकावणाऱ्या बारीक धातूच्या दांडीला कँटिलिव्हर म्हणतात. दांडीच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. बोलीभाषेत त्यालाच सुई म्हणतात. दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा लोहचुंबक असतो आणि त्याच्या शेजारी तारेची वेटोळी. सुई खाचेतून जाताना थरथरते, दांडी तो कंप चुंबकापर्यंत नेते, आणि चुंबक हलला की वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब व्होल्टच्या काही हजारांश भागांइतकाच असतो. मिक्सरमधील ‘फोनो’ विभाग तो वाढवतो आणि तबकडी कापताना मुद्दाम घटवलेले खर्जाचे स्वर पुन्हा भरून काढतो. म्हणूनच टर्नटेबलची वायर ‘लाइन’च्या छिद्रात लावली तर आवाज पातळ आणि क्षीण येतो. नवशिक्याला यंत्र बिघडले असे वाटते. बिघडलेले काहीच नसते.

स्टिरिओ तबकडीची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. तिच्या आतल्या भिंतीवर डावा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा आवाज कोरलेला असतो. सुई तळाला टेकत नाही. दोन्ही भिंतींना दोन बिंदूंवर स्पर्श करून ती मध्ये तरंगत राहते. हे स्पर्शबिंदू इतके लहान असतात की सुईवर केवळ तीन ग्रॅम भार ठेवला तरी त्या जागी दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्याही पलीकडचा दाब पडतो. हिरा त्याला पुरून उरतो. प्लॅस्टिकची भिंत मात्र तेवढ्यापुरती दबते आणि सुई पुढे गेली की पूर्ववत होते. ती पूर्ववत होत राहील अशा बेताने सुई वापरणे हे चांगल्या निवडीचे प्रयोजन असते.

सुईच्या टोकाचे मुख्यतः दोन आकार मिक्सिंगच्या संदर्भात महत्त्वाचे ठरतात. पहिला गोलाकार. याचे टोक लहानशा गोळीसारखे असते आणि त्याची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग असते. दुसरा लंबवर्तुळाकार. तो समोरून पाहिला तर तेवढाच रुंद, पण बाजूने अरुंद असतो. त्यामुळे खाचेतील बारीक वळणांत तो अधिक खोलवर शिरतो आणि टाळ, घुंगरू, तंबोऱ्याची झंकार, गायकाच्या ‘स’ आणि ‘श’चे उच्चार स्पष्ट ऐकवतो. शांत बसून ऐकणाऱ्याला लंबवर्तुळाकार सुईच हवीशी वाटते आणि ते योग्यच आहे. मिक्सिंग करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो तबकडी उलटीही फिरवतो.

डीजेच्या कामाचा निम्मा भाग तबकडी उलट फिरवण्यात जातो. एक गाणे श्रोत्यांपुढे चालू असताना दुसऱ्या टर्नटेबलवरील गाण्याचा पहिला ठेका तो कानाला हेडफोन लावून शोधतो, बोटाने तबकडी मागे-पुढे करतो आणि नेमक्या क्षणी सोडतो. कँटिलिव्हर तिरका बसवलेला असतो. तबकडी सरळ फिरते तेव्हा तो शेतात बैलांमागून ओढल्या जाणाऱ्या कुळवासारखा मागोमाग येतो. तबकडी उलटी फिरली की तोच कुळव पुढे ढकलल्यासारखी स्थिती होते. काठी मागे ओढत चालले तर खडबडीत वाटेवरही ती निमूट येते. तीच पुढे रोवून ढकलली तर पहिल्याच खड्ड्यात अडकते. अशा वेळी लंबवर्तुळाकार टोकाच्या अरुंद कडा भिंतीला घासण्याचा आणि सुई खाचेतून निसटण्याचा धोका वाढतो. गोलाकार टोकाला दोन्ही दिशा सारख्याच. म्हणून डीजेसाठी बनणाऱ्या बहुसंख्य कार्ट्रिजमध्ये गोलाकार सुई असते. तिला बाळबोध किंवा स्वस्त समजण्याचे कारण नाही.

एकाच जागी वारंवार मागे-पुढे केल्याने गाण्याच्या सुरुवातीची खाच हळूहळू भाजल्यासारखी होते आणि तिथे कायमची सरसर ऐकू येऊ लागते. जुन्या रेडिओ केंद्रांच्या संग्रहातील तबकड्यांवर ही खूण हमखास सापडते, कारण निवेदकही गाणे अशाच पद्धतीने तयार ठेवत असे. हा डाग कोणत्याही सुईने पडतोच. योग्य सुईने तो उशिरा पडतो, इतकाच फरक.

भार, आवाज आणि लावणीचा ठेका

सुईवर किती भार ठेवावा याबाबत एक समज फार रूढ आहे: भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित. हा समज चुकीचा आहे. निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा भार कमी ठेवला तर जोरकस ठेक्याच्या जागी सुई भिंतीवरून क्षणभर उडते आणि परत आदळते. प्रत्येक आदळणे म्हणजे भिंतीवर एक ओरखडा. योग्य भाराने सतत टेकलेली सुई त्यापेक्षा कमी नुकसान करते. डीजेची कार्ट्रिज साधारण दोन ते पाच ग्रॅमच्या दरम्यान चालतात, घरगुती श्रवणाची बहुतेक कार्ट्रिज दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. दिलेल्या मर्यादेतील मधला किंवा थोडा वरचा आकडा मिक्सिंगला बरा. टोनआर्मवरील आकड्यांवर विसंबण्यापेक्षा छोटा डिजिटल भारमापक जवळ बाळगणे शहाणपणाचे. सुई उडते म्हणून टोनआर्मवर नाणे ठेवण्याची जुनी खोड मात्र सोडावी. सुई उडण्याचे कारण बहुधा झिजलेले टोक, हलणारे टेबल किंवा चुकीची जुळणी हे असते. नाणे ठेवल्याने यातील काहीच दुरुस्त होत नाही.

या ठिकाणी मराठी तबकड्यांचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो आणि परदेशी मार्गदर्शकांत तो आढळत नाही. हाउस किंवा टेक्नो प्रकारचे संगीत यंत्राच्या ठेक्यावर बांधलेले असते. सहा मिनिटे तो ठेका तसूभर हलत नाही. दोन तबकड्यांचा वेग एकदा जुळला की डीजेचे बोट क्वचितच पुन्हा तबकडीला लागते. लावणी, पोवाडा, भावगीत यांची गोष्ट अगदी निराळी. ढोलकीवाला माणूस आहे. तो कडव्याच्या शेवटी हलकेच चढतो, ध्रुपदावर येताना सावरतो, आणि शाहिराने दम घेतला तर थांबतोही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुणाच्या कानात मेट्रोनोमची टकटक नव्हती. अशा दोन तबकड्या, किंवा लावणी आणि आधुनिक ठेका, एकत्र चालवायच्या तर वेगाचा सरकता दांडा सतत खालीवर करावा लागतो. एसएल-१२०० वर तो आठ टक्क्यांपर्यंत वेग घटवतो किंवा वाढवतो. त्याशिवाय तबकडीच्या कडेला बोटाने सतत हलका धक्का किंवा आवर द्यावा लागतो. म्हणजे मराठी गाण्यांचे मिक्सिंग करणाऱ्याचा हात तबकडीवर अधिक वेळ असतो, आणि सुईवरचा ताणही अधिक. ‘आम्हाला स्क्रॅच करायचे नाही, मग घट्ट बसणारे कार्ट्रिज कशाला’ हा युक्तिवाद म्हणूनच इथे लागू पडत नाही.

बाजारातील नावांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीचे ‘कॉन्कॉर्ड’ हे लांब चोचीच्या पक्ष्यासारखे दिसणारे कार्ट्रिज १९७९ पासून प्रसिद्ध आहे. हेडशेल आणि कार्ट्रिज एकाच घडणीत असल्यामुळे ते टोनआर्ममध्ये थेट बसते. जुळणीची कटकट नाही आणि चोचीच्या टोकाकडे पाहून सुई नेमकी कुठे टेकते ते अंधारातही समजते. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या मालिकेत ‘मिक्स’, ‘डीजे’, ‘क्लब’, ‘स्क्रॅच’ आणि ‘डिजिटल’ असे प्रकार आहेत. त्यांपैकी ‘क्लब’मध्ये लंबवर्तुळाकार सुई आहे, तर ‘मिक्स’ आणि ‘स्क्रॅच’मध्ये गोलाकार. नावावरून ‘क्लब’ अधिक दणकट असेल असे वाटते आणि अनेकांची फसगत होते. प्रत्यक्षात तो आवाजाच्या स्पष्टतेला प्राधान्य देणारा प्रकार आहे.

जपानच्या ऑडिओ-टेक्निकाच्या एक्सपी मालिकेतही असाच भेद आहे: एक्सपी३ शंकूच्या आकाराच्या, म्हणजे गोल टोकाच्या सुईचे, एक्सपी७ लंबवर्तुळाकार. अमेरिकेच्या शुअर कंपनीचे एम४४-७ हे एकेकाळी स्क्रॅच करणाऱ्यांचे लाडके कार्ट्रिज. ते दीड ते तीन ग्रॅम भारावर चालते आणि तब्बल ९.५ मिलिव्होल्ट आवाज देते. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचे उत्पादन थांबवले. त्यामुळे आज ‘न वापरलेले मूळ एम४४-७’ म्हणून ऑनलाइन विकले जाणारे प्रत्येक खोके संशयानेच पाहावे. कार्ट्रिजचे शरीर सुस्थितीत असेल तर जिको या जपानी कंपनीची बदली सुई त्यात बसवता येते.

मिलिव्होल्टच्या आकड्याला भुलण्याचेही कारण नाही. पाचऐवजी साडेनऊ मिलिव्होल्ट देणारे कार्ट्रिज सुमारे साडेपाच डेसिबलने मोठे वाजते. स्वस्त मिक्सरला एवढा जोर सहन झाला नाही तर आवाज फाटतो, आणि तो एकदा तिथे फाटला की पुढे कितीही महागडी ‘डॉल्बी’ लावा, फाटकाच वाजतो. चार ते सहा मिलिव्होल्टचे कार्ट्रिज बहुतेकांना पुरेसे होते. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही टर्नटेबलवर एकाच प्रकारची आणि सारखीच वापरलेली जोडी असणे. एकीकडे नवी सुई आणि दुसरीकडे जुनी असेल तर एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना आवाजाचा रंगच बदलतो आणि श्रोत्याला जोड कळतो.

आजोबांची तबकडी

आता माळ्यावरच्या ट्रंकेकडे वळू. तिच्यातील सगळ्या तबकड्या एका सुईने वाजवता येत नाहीत, ही पहिली अडचण. १९४८ मध्ये एलपी आली त्याआधीच्या ७८ वेगाच्या तबकड्या लाखेपासून बनत आणि त्यांची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिला सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येची स्वतंत्र सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेत ठेवली तर ती भिंतींना न टेकता तळाशी साचलेल्या धुळीत लोळते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकवते. शिवाय टेक्निक्सच्या जुन्या एसएल-१२०० एमके२ या सर्वाधिक आढळणाऱ्या यंत्रावर ७८चा वेगच नाही. उलट बाजूने होणारी चूक अधिक घातक आहे. चावीच्या ग्रामोफोनचे जड डोके आणि पोलादी सुई एलपीवर टेकवली की ती तबकडी एकाच फेरीत संपते. पूर्वी पोलादी सुयांच्या डब्या मिळत आणि प्रत्येक सुई एकदाच वापरून टाकून द्यावी असा दंडक असे, कारण लाखेची तबकडीच सुईला घासून आपल्या खाचेचा आकार देत असे. नव्या पिढीला हा दंडक माहीत नसतो.

साफसफाईतही हाच भेद आहे. प्लॅस्टिकच्या तबकड्या पुसण्यासाठी सौम्य केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल अनेक जण वापरतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. हात धुण्याच्या सॅनिटायझरने आजोबांची नाट्यपदे पुसणे म्हणजे ती कायमची पुसून टाकणे होय. किंचित साबण घातलेले साधे पाणी, मऊ कापड, मधला कागद कोरडा ठेवण्याची काळजी आणि सावलीत वाळवणे एवढे पुरते. बेळगावच्या आणि त्याहून अधिक गोव्याच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते, तेव्हा हे दर वर्षी करावे लागते.

सुई आणि तबकडी ही जोडी किती अतूट आहे याचा सर्वांत लांबचा पुरावा गोव्याच्या मातीशी जोडलेला आहे. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉएजर यानांवर एकेक सोनेरी तबकडी आहे आणि तिच्यावर केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ही तबकडी १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची आहे. परग्रहावर कुणाकडे जुळणारी सुई असेलच असे नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आणि ती कशी टेकवावी याचे चित्र वेष्टनावर कोरले. कंग्राळीतील ट्रंकेत अशी सोय कुणी ठेवलेली नसते.

मग या तबकड्या मिक्सिंगला वापरूच नयेत काय? वापराव्यात, पण थेट नव्हे. दुर्मीळ तबकडी एकदा स्वच्छ करून, चांगल्या लंबवर्तुळाकार सुईने, हलक्या पण योग्य भाराने सरळ वाजवावी आणि संगणकात उतरवून घ्यावी. त्यानंतर टाइमकोड तबकडी हाताशी घ्यावी. हिच्यावर गाणे नसते, केवळ एक नियंत्रक स्वर कोरलेला असतो. सुई तो स्वर वाचते, आणि संगणक त्यावरून तबकडी किती वेगाने, कोणत्या दिशेने फिरते आहे ते ओळखून आतले गाणे तसेच मागे-पुढे करतो. सेराटोची अशी प्रणाली २००४ मध्ये आली आणि आज हा प्रकार सर्वत्र रुळला आहे. लावणीचा ठेका शोधण्यासाठी शंभर वेळा उलटसुलट फिरवले तरी झिजते ती टाइमकोड तबकडी, आणि ती नवी विकत मिळते. या कामाला गोलाकार सुईचे साधे डीजे कार्ट्रिज पुरते. तिथे महागड्या सुईवर खर्च करणे निरर्थक आहे, कारण ऐकू येणारा आवाज सुईतून येतच नाही.

शुद्धतावाद्यांना ही तडजोड खटकेल. तबकडीवर हात ठेवण्यातला आनंद संगणक मध्ये आला की उणावतो, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते पूर्णतः खोटे नाही. ज्या तबकडीची दुसरी प्रत सहज मिळते तिच्या बाबतीत ते मान्य करायला हरकत नाही. मुंबईच्या चोर बाजारात ढिगाने पडलेल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी आणि निपाणीच्या एखाद्या घरात उरलेली एकुलती नाट्यपदाची तबकडी यांना एकच न्याय लावता येणार नाही.

गोव्यातील नृत्यसंगीताचा इतिहासही या तडजोडीच्या बाजूने साक्ष देतो. हणजुणेच्या किनाऱ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या संगीताने ‘गोवा ट्रान्स’ हे नाव जगभर नेले, ते प्रामुख्याने कॅसेट आणि पुढे डिजिटल ऑडिओ टेपवरून वाजवले जाई. उन्हाने तबकडी वाकते, वाळू आणि धूळ खाचेत जाते, म्हणून गोवा गिल यांच्यासारख्या डीजेंनी टेप पसंत केली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क यांनी दोन टर्नटेबलांवर एकाच ठेक्याचे तुकडे लांबवून जी वाट दाखवली, ती गोव्यात आली तेव्हा हवामानाने तिला वेगळे वळण दिले.

मिरवणुकीच्या ट्रॉलीवर सुई का नको, तेही यात आलेच. चालत्या वाहनाचा प्रत्येक हादरा सुईला जाणवतो. उभ्या मंचावरही खर्जाच्या मोठ्या पेट्या जवळ असतील तर त्यांचा कंप टेबलातून सुईत शिरतो, वाढून पुन्हा पेटीत जातो आणि सगळा आवाज घुमू लागतो. कार्ट्रिज बदलून हा घुमारा जात नाही. टर्नटेबल पेट्यांपासून दूर, जड फरशीवर आणि फरशीखाली जाड फोम घालून ठेवले तर तो बराच आटोक्यात येतो. बांबू-फळ्यांच्या मांडवी मंचावर डीजेने उड्या मारू नयेत, हेही ओघाने आले. टर्नटेबलची भूतार मिक्सरला जोडायची राहून गेली तर गुणगुण ऐकू येते, ती मात्र वेगळी गोष्ट.

सुटे कार्ट्रिज हेडशेलला स्वतः जोडायचे असेल तर चार रंगीत तारा लक्षात ठेवाव्यात: लाल आणि हिरवी उजव्या बाजूची, पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, त्यांत लाल-पांढऱ्या धन, हिरवी-निळी ऋण. एका बाजूच्या धन-ऋण तारांची अदलाबदल झाली तर आवाज येतो, पण मध्यभागी असणारा गायक पोकळ वाटतो आणि खर्ज हरवतो. सुईपासून हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरच्या कडेपर्यंतचे अंतर टेक्निक्सच्या यंत्रावर ५२ मिलिमीटर ठेवावे लागते. हे अंतर चुकले तर तबकडीच्या शेवटच्या गाण्यात फाटका आवाज आधी जाणवतो. बारा इंची एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर सरकते, तर आतल्या कडेला जेमतेम वीस सेंटिमीटर. तेवढ्याच वेळाचे संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते, त्यामुळे जुळणीतील चूक तिथे लपत नाही.

हिऱ्याची सुईदेखील झिजते. सरळ वाजवली तर साधारण ५०० ते १००० तास, मागे-पुढे करण्याच्या वापरात त्याहून कमी. झिजलेले टोक गोल राहत नाही, त्याला सपाट कडा येतात आणि ते पटाशीसारखे खाच तासू लागते. ‘स’कार फुसफुसू लागले की आधीच उशीर झालेला असतो. म्हणून सुई बसवल्याची तारीख आणि वापराचे तास एका वहीत लिहून ठेवावेत आणि गणेशोत्सवाच्या कामांपूर्वी बदली जोडी हाताशी ठेवावी. सुईवरील धूळ बारीक ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडावी. बोटाने कधीही पुसू नये. तीन हेडशेल तयार असतील तर प्रत्येकावर लहान चिठ्ठी चिकटवून ‘मिक्स’, ‘ऐकणे’ आणि ‘७८’ असे ठळक लिहावे. मंचावरच्या अंधारात आणि घाईत ते तिन्ही हाताला सारखेच लागतात.